मेंदी आणि नीळ लावलेले केस कसे धुवावेत आणि कसे राखावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले वर्षभर आपण दर महिन्याला आधी मेंदी आणि तिच्यावर नीळ अशा दोन टप्प्यांत केस रंगवीत आहात. रंगवल्यावर पहिले काही दिवस सगळे केस एकसारखे काळसर तपकिरी दिसतात, परंतु तिसऱ्या-चौथ्या वेळी केस धुतल्यानंतर कानशिलांजवळचे पांढरे केस नारिंगी दिसू लागतात. टोके मात्र जवळजवळ काळी, राठ आणि निस्तेज झाली आहेत. आपण आठवड्यातून चार दिवस तरणतलावात पोहता आणि प्रत्येक वेळी शांपू लावता. शांपू सोडून रिठा-शिकेकाई वापरावी का आणि तेल लावल्याने रंग उतरतो हे खरे का, असे आपण विचारले आहे.

वनस्पतिज रंगांचे काम मी अनेक वर्षे करीत आहे आणि हीच तक्रार, याच क्रमाने, माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेली आहे. शांपूचा यात वाटा आहे, पण तो पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा लहान असतो. आपल्या केसांत दोन रंग आहेत आणि त्या दोघांचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाला जे चालते ते दुसऱ्याला चालतेच असे नाही. हे एकदा नीट लक्षात आले की पुढचे बहुतेक निर्णय आपले आपल्याला घेता येतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे नारिंगी-तांबडे रंगद्रव्य असते. वाळलेल्या पानांच्या वजनात त्याचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के इतकेच असते. पाला किंचित आंबट पाण्यात भिजवून ठेवला की हे द्रव्य मोकळे होते, केसात शिरते आणि केस ज्या प्रथिनाचा बनलेला आहे त्या केरॅटिनशी रासायनिक बंधाने जोडले जाते. एकदा हा बंध झाला की साध्या धुण्याने तो सुटत नाही. निळीचे तसे नाही. (कपड्यांना पांढरेपणा येण्यासाठी देतात ती नीळ निराळी, ती केसांच्या कामाची नाही, इथे नीळ म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची भुकटी, जी बहुधा इंडिगो पावडर या नावाने मिळते.) या पानांत इंडिकॅन नावाचा रंगहीन पदार्थ असतो. भुकटी पाण्यात कालवली की पानातल्याच विकराने (एन्झाइमने) तो फुटतो आणि इंडॉक्सिल तयार होते. त्याचे दोन-दोन रेणू हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने जुळले की निळा रंग बनतो. हा तयार झालेला निळा रंग पाण्यात अजिबात विरघळत नाही. तो केसाच्या आत अडकून बसतो, केसाशी जोडला जात नाही. जीनच्या कापडाला हाच रंग दिलेला असतो आणि ते कापड जिथे घासले जाते तिथे आधी फिके पडते, हे आपण पाहिलेच असेल. केसांतही तेच घडते.

तेव्हा आपल्या कानशिलांवर नारिंगी दिसते याचा अर्थ इतकाच की तिथली नीळ गेली आहे आणि तिच्याखालची मेंदी उघडी पडली आहे. मेंदी जशीच्या तशी आहे. जपायची आहे ती नीळ. तिचे तीन शत्रू आहेत: घासणे, अल्कधर्मी पदार्थ आणि क्लोरीन. आपल्या बाबतीत पहिला आणि तिसरा तर नक्कीच हजर आहे.

मात्र धुण्याविषयी बोलण्यापूर्वी नीळ मुळात केसात शिरली होती का, हे पाहावे लागते. कालवलेल्या निळीकडे नीट लक्ष द्या. सुरुवातीला तो लगदा हिरवागार असतो आणि त्याला ओल्या पाल्याचा वास येतो. दहा-पंधरा मिनिटांत वरच्या थरावर, विशेषतः भांड्याच्या कडेला, गर्द निळसर-जांभळी झाक येऊ लागते. ही झाक दिसू लागली की लगदा ताबडतोब केसांना लावायचा असतो, कारण भांड्यात जो रंग पूर्ण तयार झाला तो न विरघळणारा असल्यामुळे केसात शिरण्याची त्याची वेळ निघून गेलेली असते. मेंदीसारखी नीळ रात्रभर भिजवून ठेवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या केसांवर रंग चढल्यासारखा वाटतो, पण तो वरवर बसलेला असतो आणि दोन धुण्यांत निथळून जातो. निळीत लिंबू किंवा दुसरा कोणताही आंबट पदार्थही घालू नये. तो मेंदीला लागतो, निळीला मारक ठरतो. शिवाय मेंदी काढल्यावर आणि नीळ लावण्यापूर्वी केसांना तेल किंवा कंडिशनर लागता कामा नये, कारण त्याचा पातळ पापुद्रा निळीला आत जाऊ देत नाही. कानशिलांवरचे पांढरे केस बहुतेकांचे जाड आणि चिवट असतात. तिथे रंग उशिरा शिरतो आणि लवकर निघतो. म्हणून लगदा आधी तिथे लावावा आणि शेवटी इतर केसांकडे वळावे. बहुतेक जण नेमके उलट करतात.

आता पहिले धुणे. माझ्या मते पुढच्या महिन्याभरातल्या सगळ्या धुण्यांपेक्षा या एका धुण्याचे महत्त्व जास्त आहे आणि यालाच लोक सर्वांत कमी वेळ देतात. लगदा वाळू देऊ नये. वाळलेला लगदा खरवडून काढताना केस तुटतात आणि रंगही घासला जातो. टब किंवा मोठी बादली कोमट पाण्याने भरून त्यात केस बुडवावेत आणि बोटांनी हलकेच विसळावेत. पाणी गढूळ झाले की बदलावे. असे तीन-चार वेळा करावे. नीळ काढण्याच्या या शेवटच्या धुण्यात साधा कंडिशनर भरपूर घेऊन केसांवरून फिरवला की पाल्याचे कण सुटून घसरतात. याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि ती द्यावीत. पूर्ण झाले की नाही हे बघण्याची खूण सोपी आहे: ओल्या केसांची एक बट अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून मुळापासून टोकापर्यंत ओढावी. बोटांना रेती लागल्यासारखी खरखर जाणवली तर कण अजून आत आहेत. हे कण राहिले की पुढे विंचरताना प्रत्येक वेळी ते कानशीसारखे केसांवर घासले जातात. "मेंदीने केस कोरडे पडतात" अशी जी सर्रास तक्रार असते तिच्या मुळाशी पुष्कळदा हे न निघालेले कणच असतात.

त्यानंतर किमान ४८ आणि जमल्यास ७२ तास शांपू लावू नये. या काळात दोन्ही रंग हवेने पक्के होत असतात: मेंदीचा भडक नारिंगी रंग उतरून खोल तांबूस तपकिरी होतो आणि निळीची सुरुवातीची हिरवट छटा जाऊन ती गर्द होते. पहिल्याच दिवशी आरशात पाहून घाबरून केस पुन्हा धुणे किंवा पुन्हा रंगवणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. या दोन-तीन दिवसांत केसांना पाणी लागल्यास बिघडत नाही, पण घाम येईल असा व्यायाम आणि पोहणे थांबवावे. उशीला जुना, गडद रंगाचा अभ्रा घालावा.

पुढच्या दोन-तीन धुण्यांत निळसर पाणी निघेल. ते पाहून मन खट्टू होते, पण जो रंग आत शिरला नाही तोच बाहेर पडतो आहे. त्याला अडवण्यात अर्थ नाही. चौथ्या-पाचव्या धुण्यालाही पाणी निळे येत असेल तर मात्र दोष धुण्यात नसून लावण्यात होता, असे समजावे.

शांपूविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो सौम्य असावा आणि कमी लावावा. डब्यावरच्या घटकांत सोडियम लॉरिल सल्फेट अगदी सुरुवातीला असेल तर तो रोजच्या वापरासाठी घेऊ नये. कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड अशी नावे आधी दिसली तर तो बहुधा सौम्य असतो. कोंड्यावरचे शांपू आणि खोल स्वच्छतेसाठी बनवलेले शांपू निळीवर कठोर ठरतात. ते वैद्यकीय कारणाने घ्यावेच लागत असतील तर फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी लावावेत आणि लांबीवर, म्हणजे टाळूपासून खाली लोंबणाऱ्या केसांवर, चोळू नयेत. खरे तर कोणताही शांपू लांबीवर चोळण्याची गरज नसते. मळ आणि तेलकटपणा टाळूवर असतो. तिथला फेस खाली ओघळतो तेवढा लांबीला पुरतो. अर्ध्या पेल्यात पाणी घेऊन त्यात शांपू कालवावा आणि भांगाभांगाने टाळूवर ओतावा. केस डोक्यावर गोळा करून दोन्ही हातांनी खसाखसा चोळण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण ओला केस फुगलेला आणि दुबळा असतो, त्याच्या पृष्ठभागावरचे बारीक खवले उघडलेले असतात आणि त्या अवस्थेत दिलेला प्रत्येक रगडा थोडी नीळ बाहेर काढतो. कडकडीत पाणी नको, कोमट हवे. पुसताना टॉवेलने झटकू नये. सुती कापडात केस गुंडाळून टिपून घ्यावेत.

नवा शांपू घ्यायचा असेल तर तो आधी गुंतवळावर तपासून पाहावा. मी स्वतः आजही असेच करते. विंचरताना निघालेले केस साठवावेत, त्यातले पांढरे वेगळे काढून दोऱ्याने त्यांच्या दोन जुड्या बांधाव्यात आणि पुढच्या वेळी रंग लावताना त्याही रंगवाव्यात. तीन दिवसांनी एक जुडी तशीच ठेवावी आणि दुसरी त्या शांपूच्या पाण्यात दहा वेळा धुऊन वाळवावी. दोन्ही पांढऱ्या कागदावर उजेडात शेजारी-शेजारी ठेवल्या की डब्यावर काय लिहिले आहे ते वाचण्याची गरज उरत नाही.

रिठा आणि शिकेकाई यांच्याविषयी आपण विचारले आहे. दोन्हींतला फेस सॅपोनिन या द्रव्यांमुळे येतो आणि त्यांचे पाणी साबणासारखे अल्कधर्मी नसते, किंचित आम्लधर्मीच असते. हे निळीच्या दृष्टीने चांगले आहे. तथापि झाडापासून मिळाले म्हणून ते सौम्यच असेल असे मानू नये. रिठ्याचा दाट काढा केसांतला सगळा तेलकटपणा खेचून घेतो आणि त्यानंतर केस काथ्यासारखे होतात. शिकेकाईची भुकटी कालवून डोक्याला चोळणे तर मी रंगवलेल्या केसांना कधीच सुचवत नाही, कारण तिचे कण घासतात आणि घासणे हाच आपला पहिला शत्रू आहे. वापरायचीच असेल तर शेंगा आणि रिठ्याची टरफले रात्री भिजत घालून सकाळी उकळावीत, निवल्यावर पातळ कापडातून दोनदा गाळावीत आणि ते पाणी पातळ करून वापरावे. डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, म्हणून मान मागे करून ओतावे. हे सगळे करण्याइतका वेळ नसेल तर सौम्य शांपू लावण्यात कोणताही कमीपणा नाही. अंगाचा साबण आणि खाण्याचा सोडा मात्र केसांना लावू नये. दोन्ही अल्कधर्मी आहेत; त्यांनी केस फुगतो आणि खवले उघडतात. सोड्याने केस "आतून स्वच्छ" होतात असे ऐकून एका बाईंनी महिनाभर तो वापरला होता. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे केस मुळापासून टोकापर्यंत गाजरी दिसत होते आणि ओल्या बटेला किंचित ताण दिला तरी केस तुटत होते. रंग पुन्हा देता आला, पण तुटलेल्या केसांना कापण्यावाचून इलाज नव्हता.

पाणी जड असेल, म्हणजे ज्याला शाळेत दुष्फेन पाणी म्हणून शिकवतात तसे असेल, तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर साचतात. त्यामुळे केस राठ लागतात, रंग मेलेला दिसतो आणि पुढच्या वेळी रंग नीट शिरतही नाही. ज्यांच्या बादलीला पांढरा थर बसतो त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा शेवटचे पाणी एक लिटरमध्ये एक मोठा चमचा व्हिनेगर घालून घ्यावे आणि मग गाळलेल्या साध्या पाण्याने विसळावे. यापेक्षा दाट किंवा वारंवार नको. रंगवल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत तर नकोच.

आता पोहणे. आपल्या प्रश्नात ही गोष्ट आपण ओघात लिहिली आहे, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तलावाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून जे क्लोरीन असते ते निळीचा रेणू फोडते आणि त्यापासून जे बनते त्याला निळा रंग नसतो. इथे रंग धुतला जात नाही, तो जागच्या जागी नष्ट होतो. म्हणून कितीही चांगला शांपू घेतला तरी या नुकसानीवर तो काही करू शकत नाही. मेंदी त्या मानाने पुष्कळ टिकाव धरते. याचसाठी पोहणाऱ्यांचे केस नारिंगीकडे झुकतात. पोहण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवावेत, कारण आधीच ओला झालेला केस तलावाचे पाणी कमी पितो. नंतर लांबीला आणि विशेषतः कानशिलांना कंडिशनरचा जाड हात द्यावा आणि त्यावर घट्ट टोपी घालावी. टोपीच्या कडेतून पाणी शिरते ते नेमके कानशिलांवरच, हे ध्यानात ठेवावे. बाहेर आल्याबरोबर केस भरपूर साध्या पाण्याने धुवावेत. शांपू चारही दिवस लावू नये. आठवड्यातून दोन वेळा पुरे, उरलेल्या दोन दिवशी पाणी आणि कंडिशनर एवढेच.

तेलाविषयी जे सांगितले जाते त्यात अर्धे तथ्य आहे. ताज्या रंगावर, पक्का होण्यापूर्वी, तेल चोपडून रात्रभर ठेवले तर रंग सैल होतो. नको असलेली छटा हलकी करण्यासाठी आम्ही हाच उपाय योजतो. गरम तेलाचे वारंवार चोळणेही निळीला हितकारक नाही. मात्र पहिला आठवडा उलटल्यावर धुण्यापूर्वी तासभर थोडे खोबरेल तेल लांबीला आणि टोकांना लावणे मी आवर्जून सुचवते. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात केसांतून होणारी प्रथिनांची गळती खोबरेल तेलानेच ठळकपणे कमी केली, कारण ते केसाच्या आत शिरते, असे दिसले. केस कमी फुगतो तेव्हा त्यात अडकलेली नीळही कमी निसटते, हा माझ्या कामातला अनुभव आहे. तेल तळहाताला लावून केसांवरून फिरवावे, रगडू नये. रंगवण्याच्या आदल्या दिवशी मात्र तेल नको; उलट त्या दिवशी खोल स्वच्छतेचा शांपू एकदा लावून सगळा तेलकटपणा आणि कंडिशनरचा थर काढून टाकावा. कडक शांपूची जागा वर्षभरात हीच एक.

टोके काळी आणि राठ होण्याचे कारण सरळ आहे. मेंदी निघत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी लावलेली मेंदी आधीच्या मेंदीवर चढत जाते आणि केस अधिकाधिक गडद आणि ताठ होतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे महिन्याने नव्याने रंगवायला तेवढाच भाग असतो, आणि आपण संपूर्ण लांबीला बारा वेळा लगदा लावला आहे. यापुढे फक्त मुळांना लावावा. ब्रशने भांग पाडत जावे आणि आधीच रंगलेल्या लांबीला वाळू नये म्हणून कंडिशनर लावून ठेवावा, म्हणजे ओघळलेला रंगही तिथे बसत नाही. धुतल्यावर टोकांचा राठपणा कंडिशनर आणि तेल यांनी हळूहळू कमी होईल, पण काळेपणा जाणार नाही; तो वाढीबरोबर कापत जावा लागेल. तो घालवण्यासाठी ब्लीच करण्याचा विचार मनात आला तर कृपया थांबा. निळीवर ब्लीच घातले की बऱ्याचदा हट्टी हिरवट रंग उरतो. आणि भुकटीत धातूंचे क्षार मिसळलेले असतील तर ब्लीचशी त्यांची प्रक्रिया होऊन केस तापतात आणि तुटतात.

त्यासाठीच भुकटीच्या डब्याबद्दल एक सूचना. शुद्ध मेंदी कधीच केस काळे करीत नाही. "काळी मेंदी" म्हणून एकाच टप्प्यात काळा रंग देणारी भुकटी असेल तर तिच्यात बहुधा पॅराफिनिलिनडायअमाइन हे रसायन असते आणि त्याची त्वचेला तीव्र ॲलर्जी होऊ शकते. टाळूला खाज, कानांमागे पुरळ, पापण्यांना सूज यांपैकी काहीही झाले तर रंग लगेच धुवावा, पुन्हा लावू नये आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ज्यांना जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता आहे त्यांनी तर शुद्ध मेंदीही टाळावी. लॉसोनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि लहान मुलांत हे गंभीर होते.

आता या महिन्यापुरते काय करावे ते सांगते. कानशिलांसाठी पुन्हा मेंदी लावण्याचे कारण नाही, कारण ती तिथे शाबूत आहे. तेवढ्या पट्ट्यासाठी दोन-तीन चमचे नीळ कोमट पाण्यात कालवावी, कडेला जांभळी झाक दिसताच जाडसर लावावी, वरून प्लास्टिकची टोपी घालून दीड तास ठेवावी आणि फक्त पाण्याने काढावी. दुसऱ्या दिवशी नवी भुकटी कालवून त्याच पट्ट्याला हेच पुन्हा करावे, कारण चिवट पांढऱ्या केसांत एका थरात पुरेशी नीळ शिरत नाही. त्यानंतरचे तीन दिवस पोहू नये आणि शांपूही लावू नये. एवढे केल्यावरही पुढच्या तीन आठवड्यांत कानशिले नारिंगी झाली तर टोपी बदलावी. बहुधा तीच सैल असेल.